जुन्या बीटलच्या साइड काचांची रबरं बदलली, किट कसं निघालं ते सांगतो

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी एवढं वाचून निघालं तरी चालेल. रबर चांगलं, फेल्ट चॅनल (काच ज्यात वर-खाली सरकते ती फेल्टची खाच) झकास, क्लिपा भंगार, आणि क्वार्टर ग्लासचं (दाराच्या पुढच्या टोकाच्या उघडणाऱ्या छोट्या काचेचं) रबर शेवटी बसतं मस्त पण बसेपर्यंत जीव काढतं. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क क्लिपांचा कापला, एक मार्क किटात कागदाचा चिटोराही नव्हता म्हणून. कुठलं रबर कुठे जातं, डावं कुठलं उजवं कुठलं, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. पिशवीभर काळे साप हातात देतात आणि बस म्हणतात.

आता सविस्तर. गाडी 1966 ची फोक्सवॅगन बीटल, म्हणजे मोठ्या काचांची. हे मुद्दाम सांगतोय कारण 1965 च्या मॉडेलपासून बीटलच्या सगळ्याच काचा मोठ्या झाल्या, त्यामुळे त्याआधीच्या गाडीची काचेची रबरं हिला बसत नाहीत आणि हिची त्यांना. ही गाडी 1938 पासून 2003 पर्यंत बनत राहिली, 2 कोटी 15 लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट मिळायची ददात नाही. पण तोच घोळ पण आहे, इतकी वर्षं इतके बदल होत गेलेत की नुसतं 'बीटलचं रबर द्या' म्हणणं म्हणजे चपलांच्या दुकानात जाऊन नंबर न सांगता चप्पल द्या म्हणण्यासारखं.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं वाटेल, पण माझं हे दुसरं किट आहे. पहिलं एका विक्रेत्याकडून मागवलं होतं, नाव घेत नाही, फोटो बघून घेतलं, फोटोत सगळी रबरं सारखीच दिसतात हो. त्यात मागच्या साइड काचांची जी रबरं आली त्यांना चमकणाऱ्या पट्टीची खाचच नव्हती. नंतर कळलं की त्याला कॅल-लुक रबर म्हणतात, ज्यांना काचेभोवतीची ती पट्टी नकोच असते त्यांच्यासाठी असतं ते. माझ्या गाडीवर पट्टी आहे आणि मला ती पाहिजे. आणि क्वार्टर ग्लासचं रबर इतकं जाड होतं की छोटी काच बंदच होईना, मी आपला जोर लावला आणि लॅचची मूठ हातात आली. चूक अर्धी माझी. रबर बसत नसेल तर थांबायचं असतं, एवढी साधी गोष्ट त्या वेळी सुचली नाही. परत पाठवायला गेलो तर म्हणे पिशवी फोडली, आता घेणार नाही.

म्हणून या वेळी किट घेताना एकच गोष्ट धरून बसलो, आणि तुम्ही कुठल्याही जुन्या गाडीचं रबर घेत असाल तरी हीच धरा: गाडीचं नाव बघून घेऊ नका, रबराचा काप बघून घ्या. जुनं रबर काढलं की त्याचा जिथे सगळ्यात कमी झिजलाय असा तुकडा, बहुतेक खालच्या भागात मिळतो, ब्लेडने सरळ आडवा कापायचा आणि त्या कापाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढायचा. ओठ किती, खाच किती रुंद, पाया चपटा की गोल, सगळं त्यात दिसतं. या दुसऱ्या विक्रेत्याला मी चार कापांचे फोटो पाठवले, त्याने त्याच्याकडच्या मालाचे चार कापून फोटो पाठवले, तीन जुळले, चौथ्याला म्हणाला हे तुम्हाला दुसरं लागेल, दोन दिवस थांबा. त्या एका वाक्यावर मी ऑर्डर दिली.

किटात काय काय आलं ते सांगतो. दारांची दोन फेल्ट चॅनल, ज्यात काच वर-खाली सरकते. दाराच्या काचेच्या तळाशी बाहेरून लागणारे दोन स्क्रेपर (काचेवरचं पाणी पुसणाऱ्या रबरी पट्ट्या) आणि आतून लागणारे दोन. क्वार्टर ग्लासची रबरं, प्रत्येक बाजूला एक वाकडं मोठं आणि एक सरळ उभं जे मधल्या दांडीला लागतं. मागच्या न उघडणाऱ्या काचांची दोन रबरं, खाचेसकट. आणि क्लिपांची पुडी.

रबराचा दर्जा. हे ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) आहे असं पिशवीवर लिहिलंय आणि हाताला तसंच लागतंय, घट्ट पण वाकवल्यावर लगेच जागेवर येणारं. जुन्या गाड्यांची मूळ रबरं फुटतात कशाने हे बऱ्याच लोकांना ऊन ऊन वाटतं, ऊन आहेच पण खरा चोर हवेतला ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध असतात, ओझोन तेच तोडतो, आणि तोडतो कुठे तर जिथे रबर ताणलेलं असतं तिथे. म्हणून तुमच्या गाडीत बघा, सरळ भागात रबर त्या मानाने बरं असतं आणि कोपऱ्यात वाकवलंय तिथे बारीक बारीक आडव्या चिरा. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत तो दुहेरी बंधच नाही, त्यामुळे ओझोन त्याचं फार काही वाकडं करू शकत नाही. हे रबर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कुठे बाजारात आलं. तेव्हा 'जुन्यासारखंच ओरिजिनल रबर' असं कोणी कौतुकाने सांगत असेल तर मला तरी तो गुण वाटत नाही, दिसायला जुन्यासारखं हवं, मालमसाला नवीनच बरा.

एक मात्र आहे, ईपीडीएमला पेट्रोल, ऑइल, साधं ग्रीस अजिबात चालत नाही, फुगतं आणि ढिलं पडतं. काच जड चालते म्हणून चॅनलमध्ये हाताला लागेल ते ग्रीस चोपडणारे लोक मी पाहिलेत. सिलिकॉन स्प्रे मारा, किंवा काहीच मारू नका.

आता काम. दाराचं पॅनल काढायला वाइंडरच्या (काच वर-खाली करायच्या हँडलच्या) मागची गोल चकती आत दाबली की दांड्यात एक छोटी पिन दिसते, ती बारीक सुंभ्याने ढकलायची, वाइंडर निघतो. पिन उडून कुठेतरी जाणार, तेव्हा खाली कापड अंथरा. पॅनलच्या मागे जो प्लास्टिकचा पडदा असतो तो माझ्याकडे अर्धाच शिल्लक होता, आणि इथे माझी चार वर्षांची एक समजूत निकालात निघाली. पावसात पायाशी पाणी यायचं आणि मी विंडस्क्रीनच्या रबराला शिव्या घालायचो. खरी गोष्ट अशी की दाराच्या आत पाणी शिरतंच, शिरायचंच असतं. बाहेरचा स्क्रेपर बरंचसं पुसून टाकतो पण थोडं काचेवरून आत ओघळणारच, ते दाराच्या तळाला असलेल्या भोकांतून बाहेर पडतं आणि पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. माझ्या दाराची भोकं जुन्या रबराच्या चुऱ्याने आणि फेल्टच्या लगद्याने बुजून गेली होती, स्क्रू ड्रायव्हर घातला तर काळा चिखल निघाला, आणि चिखलामागोमाग पाणी, कधीचं कोण जाणे. आतून गंज धरायला सुरुवात झाली होती. घासला, गंजरोधक मारला, दोन दिवस वाळू दिला. रबर बदलायचं काम हे अर्धं तरी दाराच्या पोटातली साफसफाई आहे, किटवाले हे सांगत नाहीत कारण त्यांना ते विकता येत नाही.

काच काढणं सोपं आहे, उचलणाऱ्या यंत्रणेला पकडणारे दोन बोल्ट काढले की काच मोकळी होते, फक्त ती तुमच्या हातात मोकळी होते की दाराच्या तळाशी हे तुमच्यावर. ताईला उभी केली होती, काच धरायला. साइडची काच टफन केलेली असते, मधोमध बऱ्यापैकी मार सोसते पण कडेला नुसता टवका उडाला तर अख्खी काच डाळीसारखी दाणे दाणे होऊन खाली येते. ताईला हे सांगितल्यावर तिने काच बाळासारखी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "हे तू आधी सांगितलं असतंस तर मी आलेच नसते." काच गादीवर आडवी ठेवली, फरशीवर उभी टेकवायची नाही.

क्वार्टर ग्लासची फ्रेम वरचा स्क्रू आणि दाराच्या आतला खालचा बोल्ट काढल्यावर मधल्या दांडीसकट मागे झुकवून वर ओढायची, निघते. लिहायला एक ओळ लागते, मला पाऊण तास लागला कारण जुनं रबर पत्र्याला डांबरासारखं चिकटलेलं. छोट्या काचेचा वरचा बिजागर रिबीटवर असतो, ते रिबीट ड्रिल करून काढावं लागतं. नवीन रिबीट किटात नाही! विक्रेत्याला विचारलं तर म्हणे ते वेगळं मिळतं. अहो, ते काढल्याशिवाय तुमचं रबर बसतच नाही, मग एक रिबीट टाकायला काय झालं होतं. आधीच मागवून ठेवा, नाहीतर माझ्यासारखी गाडी आठवडाभर दाराला पॉलिथिन लावून उभी राहील.

आणि हे क्वार्टर ग्लासचं रबर. काप जुळला होता, तरी पहिल्या दिवशी काच शेवटचा बोटभर बंद होईना, पोटात गोळाच आला, मागचं सगळं आठवलं. या वेळी जोर नाही लावला. रबर फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसलंय का ते बघितलं, तर वरच्या कोपऱ्यात ते आत गेलंच नव्हतं, दुमडून वर आलं होतं. बाहेरून दिसतच नाही हो ते, बोट फिरवल्यावर कळतं, टणक उंचवटा लागतो. साबणाचं पाणी लावून प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने (लोखंडी काही वापरू नका, रबर फाटतं आणि रंगही जातो) कोपऱ्यापासून दोन्हीकडे थोडं थोडं ढकलत नेलं. तरी बंद करायला घट्टच होतं, मग तीन दिवस काच हलक्या दाबाने बंद करून ठेवली, रबराने आकार घेतला. आता एका बोटाने लॅच लागतो. म्हणजे रबर बरोबर होतं, घाई चूक होती, पण पहिल्या किटाच्या वेळी रबरच चूक होतं आणि वरून घाईही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं ही खरी पंचाईत, म्हणून कापाचं इतकं तुणतुणं वाजवतोय.

फेल्ट चॅनलबद्दल तक्रार नाही. उलट खूश आहे. कापताना एक चूक बहुतेकजण करतात, आधी जुन्याशी मोजून बरोब्बर तेवढंच कापतात. जुनं चॅनल इतक्या वर्षांत आटलेलं असतं. मी फ्रेममध्ये न ताणता बसवत गेलो, उलट किंचित आत दाबत दाबत, आणि शेवटी बोटभर जास्त ठेवून मग कापलं. ताणून बसवलं तर त्या दिवशी छान दिसतं, महिन्याभराने कोपऱ्यातून वर येतं. कोपऱ्यात चॅनल वळवताना आतल्या बाजूला छोटी चीर देणारे आहेत, मी दिली नाही, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून वाकवलं, वळलं.

काच परत चढवल्यावर पहिल्यांदा वाइंडर फिरवला तेव्हाचा आवाज सांगू का, आवाजच नाही. आधी काच वर जाताना खडखड, मधे एकदा अडकणार, मग मी तळहाताने काचेला आधार देणार, ही सवयच झालेली. आता एका लयीत वर जाते आणि वर गेल्यावर हलत नाही. जड मात्र जाते थोडी, नवीन फेल्ट आहे, होईल हलकं.

स्क्रेपर आणि क्लिपा. इथे माझं डोकं फिरलं. स्क्रेपरचं रबर उत्तम, ओठ सरळ, काचेला सगळीकडे सारखा टेकतो. पण तो ज्या क्लिपांनी दाराच्या कडेला अडकतो त्या क्लिपा इतक्या मऊ पत्र्याच्या की पहिल्यांदा दाबल्या की वाकतात आणि परत स्प्रिंग मारत नाहीत. उजव्या दाराला लावल्या, काच दोनदा खाली-वर केली, तिसऱ्यांदा काचेबरोबर स्क्रेपरच वर उचलून आला. शिवाय पट्टीवर क्लिपांच्या जागा दाराच्या भोकांशी जुळत नव्हत्या, एक तर चांगली अर्ध्या बोटाने सरकलेली. जुन्या क्लिपा मी नशिबाने फेकल्या नव्हत्या, त्या रात्रभर गंज काढायच्या द्रावणात ठेवल्या, धुतल्या, काळा रंग मारला आणि त्याच लावल्या. त्या अजून कडक आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पत्रा आजच्या पत्र्याला लाजवतो हे बघून बरं वाटावं की वाईट कळेना. तर जुनं काहीही, अगदी काहीही, नवीन बसून चालू होईपर्यंत फेकायचं नाही.

बाहेरचा स्क्रेपर काच आत असताना, नुसती खाली करून बसवता येतो असं बरेच लोक सांगतात. येत असेलही त्यांना. मी काच बाहेर असतानाच बसवला आणि तरी दाराच्या रंगाला एक चरा पडला. कडेला मास्किंग टेप दोन थर लावा.

मागच्या काचा सगळ्यात मजेशीर. त्या उघडत नाहीत, नुसत्या रबरात बसलेल्या असतात. आधी रबर काचेवर चढवायचं, मग चमकणारी पट्टी रबराच्या खाचेत काच टेबलावर असतानाच बसवायची, गाडीत बसवून झाल्यावर ती जात नाही, गेली तर वाकते. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत सगळीकडून जाड सुतळी घालायची, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून घेऊन आत सोडायची. साबणाचं पाणी सढळ हाताने. ताई बाहेरून तळहाताने काच दाबतेय, मी आत मागच्या सीटवर गुडघ्यावर बसून सुतळी ओढतोय, आणि सुतळी जशी निघत येते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून पट् पट् करत आत पलटी मारतो. तो पट् पट् ऐकायला फार छान वाटतं. तिसऱ्या कोपऱ्यावर सुतळी तुटली. परत पहिल्यापासून. पातळ सुतळी होती, नायलॉनची गुळगुळीत दोरी घ्या, साधारण 4 मिलीमीटरची, तुटत नाही आणि रबरही कापत नाही. दुसऱ्या काचेला वीस मिनिटं लागली, पहिलीला किती ते ताईला विचारू नका.

या मागच्या रबरांना मी पाचपैकी पाच देतो. कोपऱ्यांतले जोड साच्यात जोडलेले आहेत, नुसते चिकटवलेले नाहीत, आणि पट्टीची खाच नेमकी. पहिल्या किटातल्या रबराचा जोड मी नंतर मुद्दाम ओढून बघितला, हातात दोन तुकडे आले.

तपासणी. दोन दिवस गाडीला हात लावला नाही, मग पाण्याची नळी घेतली. खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं, वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळतंय नेमकं कुठून हे कळत नाही. धार हलकी, प्रेशर वॉशर नको, त्याने नवीन गाडीतही पाणी घुसेल. आत ताई टॉर्च घेऊन. उजवं दार कोरडं, मागच्या दोन्ही काचा कोरड्या, डाव्या क्वार्टर ग्लासच्या खालच्या टोकाला दोन थेंब. तिथे कागदाची पट्टी घालून काच बंद केली आणि ओढली, बाकी सगळीकडे कागद अडकत अडकत येतो, त्या एका जागी सुळकन निघाला. म्हणजे रबर टेकतच नाही तिथे. फ्रेमच वाकलीय बहुतेक, पहिल्या किटाच्या वेळी मी जो जोर लावला त्याची कृपा. त्याचा दोष या किटाला देता येणार नाही, म्हणून मार्क कापला नाही.

चालवताना फरक विचाराल तर 60 च्या पुढे वाऱ्याची जी शिट्टी असायची ती गेली, आणि ती गेल्यावर मागच्या इंजिनाचा आवाज जास्त ऐकू यायला लागला, म्हणजे एकूण शांतता तेवढीच. दार मात्र आता लागत नाही पटकन. बीटल मुळातच हवाबंद, पाण्यावर तरंगते अशी ख्याती असलेली गाडी, त्यात सगळी रबरं नवीन, हवेला बाहेर पडायला जागाच नाही. एक काच दोन बोटं खाली ठेवून दार लावायचं, नाहीतर दणका द्यायचा. बसणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं आणि प्रत्येकाला वाटतं काहीतरी बिघडलंय.

परत हेच किट घेईन का, तर हो, पण क्लिपा वगळून देतो का विचारेन. किटातल्या क्लिपा पुडीतच ठेवल्यात, टेबलाच्या खणात, आणि डावी फ्रेम सरळ करायला कोणाला द्यावी ते शोधतोय. तोवर त्या दोन थेंबांखाली एक कापडाचा बोळा ठेवलाय.